मधलं ओलं फडकं

६ फेब्रुवारी

टाचणीस,

आशीर्वाद. पण आज जरा हातचं राखून देते आहे.

परवा त्या कवळ्या बनवणाऱ्या मोठ्या लॅबच्या हॉलमध्ये परीक्षेला तू दारातून आत आलीस तेव्हा मला आधी वाटलं, माझ्या चष्म्याचा नंबर वाढला. मग तू पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर केलीस, परत त्या खांद्यावरून या खांद्यावर, आणि माझी खात्री पटली. घाबरलीस की तू हेच करतेस. आपली जुनी लॅब बंद झाली त्या दिवशीही फाटकापाशी हेच करत उभी होतीस.

मी अर्ज केलाय हे मी माझ्या भावाला फोनवर सांगितलं होतं. म्हणजे तुझ्या नवऱ्याला. तो ‘छान छान’ म्हणाला. धाकट्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, तेव्हा तुला माहीत होतं. जागा एकच, मुख्य कारागिराची. तरी तू आलीस, ती पण नवी चप्पल घालून. वर माझ्या शेजारीच बसलीस. हॉलभर खुर्च्या रिकाम्या होत्या गं.

बसलीस ती बसलीस, डावीकडेच बसलीस. मी उजवीकडे, तू डावीकडे, म्हाताऱ्या मालकांच्या लॅबमध्ये इतकी वर्षं बसलो तशा. देखरेखीला होत्या त्या चष्मेवाल्या बाईंनी विचारलं की तुम्ही एकमेकींना ओळखता का. तू म्हणालीस, “या माझ्या नणंदबाई.” मी तुला मेण कसं धरायचं ते शिकवलं, साच्यावर दात कसे बसवायचे ते शिकवलं, तू बिघडवलेली पहिली कवळी माझ्या नावावर घेतली, आणि मी कोण, तर नणंदबाई. मग मीही सांगितलं की ही माझी शिष्या. तुझा चेहरा पडला. पडू दे.

हे सगळं फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर तू नुसतं ‘हो ताई, हो ताई’ करतेस, आणि मग धाकटा तुझ्या हातून फोन घेऊन मला माझ्या गुडघ्यांचं विचारतो. कागदावर खोटं लिहायला माणसाला वेळ लागतो. म्हणून पत्र.

तर सरळ विचारते, कशाला आलीस? तुला दातांच्या दवाखान्यात बरी खुर्ची आहे. पंख्याखाली बसायचं, पेशंटांना नंबर द्यायचे आणि आत पाठवायचं. मी मेडिकलच्या काउंटरवर दिवसभर उभी असते. लोक येतात आणि सैल कवळी चिकटवायची पावडर मागतात. समोरचा बोलायला लागला की मला त्याची कवळी हलताना दिसते, ती कुठे चुकली आहे तेही दिसतं, आणि मी काय करते, तर लहान डबा देऊ की मोठा असं विचारते. मला परत बाकावर बसायचं आहे. दुसरं काही नको.

तुला आयुष्यात सगळं आयतं मिळत गेलं. धाकटा दुपारी माझा डबा घेऊन यायचा ते आठवतं ना? डबा माझा, आणि बसायचा तुझ्या बाजूच्या स्टुलावर. मला वाटायचं, पोराला कामाची गोडी लागली. मी त्याला मेणाचे प्रकार समजावत बसायची. हा आता इथेच चिकटणार असं मालकांनाही सांगून बसले होते. सगळ्या लॅबला कळलं होतं, मला सोडून.

माझं काम मात्र चांगलं झालं. पटाशीच्या शेजारचा डावा दात मी केसभर बाहेर वळवते ते तुला ठाऊक आहे. जित्या माणसाच्या तोंडात सगळे दात शाळेतल्या रांगेसारखे उभे नसतात. तू उजवा वळवतेस. पहिलं वर्ष माझ्या समोर बसून शिकलीस, म्हणून माझा डावा तो तुझा उजवा होऊन बसला. उलटं शिक्षण. माझा हात मी झोपेतसुद्धा ओळखीन. तुझं काम मी बघितलं नाही. बघायचंच नव्हतं.

महिनाअखेरपर्यंत टपालाने कळवू असं त्या चष्मेवाल्या बाई म्हणाल्या आहेत. तुला काही आलं तर मला कळव. आधी मला.

ताई


१३ फेब्रुवारी

ताईंना नमस्कार.

हातचं राखून दिलेले आशीर्वाद पोचले. जपून वापरते आहे.

चप्पल नवी नव्हती, जुनीलाच तुमच्या भावाने पॉलिश केलं होतं. आणि तीळ भिजत नाही म्हणता, पण या खेपेला भिजला. तुमच्या अर्जाचं मला खरंच माहीत नव्हतं. हॉलमध्ये तुम्ही दिसलात तेव्हाच ती पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर गेली. घरी आल्यावर यांना विचारलं, तर म्हणाले की तुला सांगितलं असतं तर तू गेली नसतीस, आणि ताईला सांगितलं असतं तर तिने मला दारात उभं केलं नसतं. म्हणून दोघींनाही ‘छान छान’ म्हणून मोकळे झाले. मी अबोला धरला. अबोला आहे हे त्यांच्या चौथ्या दिवशी लक्षात आलं, मग सोडला.

हॉलभर खुर्च्या रिकाम्या होत्या हे मला तुमच्या पत्रातून कळलं. तुमच्या डावीकडची खुर्ची दिसली आणि मी बसले. त्यात माझा काय दोष?

फडक्याचंही तसंच झालं. दात लावून झाल्यावर मेण गार व्हायला बाकीचे लोक साचे पंख्याखाली धरत होते, एक जण तर फुंकर मारत होता. मी पिशवीतून फडकं काढलं, नळाखाली भिजवलं आणि आपल्या दोघींच्या मधोमध पसरलं. तुम्ही तुमचा साचा त्यावर ठेवलात, मीही माझा ठेवला. तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात आणि मी भिंतीकडे. मग मी उचलला, तुम्ही उचललात, आणि दोघी मेणात हिरड्या कोरायला लागलो. शेवटी त्या बाईंनी नंबराच्या चिठ्ठ्या वाटल्या, त्या साच्यांच्या पाठीवर चिकटवून निघालो. जुन्या लॅबमध्ये तुम्ही दात लावून फडक्यावर ठेवायचात आणि मी उचलून हिरड्या कोरायची, ते आठवलं. तुम्ही माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत, तरी तेवढा वेळ मला बरं वाटलं.

कशाला आलीस म्हणून विचारता. तुम्ही ज्यासाठी आलात त्याचसाठी. दवाखान्यात बाहेरून खोक्यात कवळ्या येतात, त्या मी पेशंटच्या हातात ठेवते. हिरड्या पाहिल्यात तर सगळ्या गुलाबी साबणासारख्या गुळगुळीत. मी सही करते आणि खोकं कचऱ्यात टाकते. पंखा आहे, ते खरं.

आणि आयतं मिळाल्याचं लिहिलंत म्हणून सांगते. या घरात माझ्या आधी तुम्ही राहायला आलेल्या आहात. चहा ताईसारखा झाला नाही. चादरीची घडी ताई अशी घालत नाही. माझ्या आईने एकदा माझ्या कामाचं कौतुक केलं, तर हे चटकन म्हणाले, ताईने शिकवलंय ना. तुम्हाला वाटतं मी तुमचा भाऊ नेला. अर्धाच आलाय, बाकीचा तुमच्याकडेच आहे.

मला अजून काही आलेलं नाही. आलं की आधी तुम्हाला कळवीन.

टाचणी


२८ फेब्रुवारी

टाचणी,

आशीर्वाद संपले.

मला नकार आला. तुला वाईट वाटेल हे मला माहीत आहे, आणि त्याचाच मला जास्त राग येतो.

माझं काम त्यांनी खोक्यात घालून परत पाठवलं. सोबत त्या चष्मेवाल्या बाईंच्या अक्षरातली चिठ्ठी. ‘दातांची मांडणी उत्तम, अगदी जिवंत. हिरड्यांचं काम कच्चं. क्षमस्व.’ आता परत वाच. दातांची मांडणी उत्तम. मी ती चिठ्ठी आरशाच्या कडेला खोचली आहे, आणि मेणातली ती कवळी साच्यासकट कपाटावर मांडली आहे. मेडिकलच्या मालकांना नेऊन दाखवली. खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाईंना दाखवली. त्यांनी विचारलं, मग जागा का नाही दिली? मी म्हटलं, हिरड्यांसाठी. त्या म्हणाल्या, हिरड्या कोण बघतं? मला त्या बाई फार आवडायला लागल्या आहेत.

आता तुझं. काल धाकट्याचा फोन आला. मी नकाराचं सांगितल्यावर तो हळहळला, आणि मग माझी समजूत घालायला गेला. म्हणाला, जाऊ दे गं ताई, घरात एकीला तरी मिळालं. मी विचारलं, काय मिळालं? त्यावर तो माझ्या गुडघ्यांचं विचारायला लागला. मग हळूहळू सगळं बाहेर पडलं. तुला त्यांनी पुन्हा बोलावलं होतं. तू जाऊन आलीस. जागा तुला दिली. आणि ते बोलावणं तू मला पत्र टाकायच्या आधीच आलेलं होतं. म्हणजे तू मला फडक्याच्या गोड आठवणी लिहीत होतीस तेव्हा ते तुझ्या टेबलावर पडलेलं होतं. ‘मला अजून काही आलेलं नाही.’ किती सरळ अक्षरात लिहिलं आहेस ते वाक्य. शाईसुद्धा फुटली नाही.

मला मत्सर वाटतो. लिहूनच टाकते, कारण बोलायला जीभ वळणार नाही. जेवायला बसले की तू दिसतेस. अंगात पांढरा कोट, डोक्यावर दिवा, हातात कोरणी. गिऱ्हाइकाला पावडर देताना दिसतेस. काल एकाला खोकल्याच्या औषधाऐवजी पावडरच दिली मी. गुरूची विद्या गुरूलाच फळली म्हणतात ते हे. भाऊ गेला तेव्हा मी मनाला समजावलं की आज ना उद्या त्याचं लग्न व्हायचंच होतं. पण बाक माझा होता. तू त्याच्यावर पाहुणी म्हणून आलीस, आणि आता मी उभी आणि तू बसलेली.

आणि कशावर मिळाली, तर धाकटा म्हणतो, हिरड्यांवर. हिरड्या कोरणं म्हणजे उशीच्या अभ्र्याला झालर लावणं. उशी मी भरायची, आणि लोकांनी झालर बघून वाहवा करायची.

एवढंच लिही की त्यांनी तुला काय विचारलं आणि तुझ्या कामात असं काय बघितलं. खरं लिही. मिळालेली जागा मी काही काढून घेऊ शकत नाही, तेव्हा आता खोटं बोलायचं कारण उरलेलं नाही.

ताई


५ मार्च

ताई,

नमस्कार करते. घ्या किंवा नका घेऊ.

खोटं बोलले. बोलावणं आलेलं होतं. तेच लिहायचं म्हणून बसले होते, पण हे कळलं की तुम्ही पुन्हा पत्र पाठवणार नाही असं वाटलं, आणि मी फडक्याचं लिहीत सुटले.

आता खरं लिहिते, आणि ते तुम्हाला वाटतं त्यापेक्षा वाईट आहे.

दुसऱ्या वेळी मला आतल्या खोलीत नेलं. टेबलाच्या पलीकडे तिघं होते, मधोमध चष्मेवाल्या बाई. त्यांनी माझं काम दिव्याखाली ठेवलं, पाठीवर माझा नंबर दाखवला आणि म्हणाल्या की या हिरड्या बघून आम्ही तुम्हाला बोलावलं, असं काम हल्ली कुणी करत नाही. मी फुलून गेले. मग त्यांनी साचा फिरवला आणि दात दाखवले. डावा दात केसभर बाहेर वळलेला होता.

ताई, मी उजवा वळवते. तुम्हीच लिहिलं आहेत.

ते दात माझे नव्हते, तुमचे होते. हिरड्या माझ्या. मी तिथे बसल्या बसल्या सगळं आठवून बघितलं. त्या दिवशी दोन साचे फडक्यावर होते. माझा हात इतक्या वर्षांच्या सवयीने उजव्या अंगाला गेला आणि तुम्ही ठेवलेला साचा मी उचलला. राहिला तो तुम्ही उचललात. आपण दोघी एकमेकींच्या दातांना हिरड्या कोरत बसलो, आणि शेवटी आपापले नंबर चिकटवून घरी आलो. असला घोळ सबंध हॉलमध्ये दुसऱ्या कुणाकडून झाला नसता.

बाईंनी मला विचारलं, “हा दात मुद्दाम वळवलात का?”

मी म्हणाले, “हो. तो मुद्दाम वळवलेला आहे.”

पुढे बोलले नाही. का नाही बोलले तेही ऐका. तुमचे दात ओळखले तेव्हा मला आधी लाज वाटली नाही, राग आला. इथेही तुम्ही होतातच. हे ‘ताई ताई’ करतात, मालक ‘ताईंना विचारा’ म्हणायचे, गिऱ्हाईक कवळी घालून आरशात बघायचं आणि तुमच्याकडे बघून हसायचं. आयुष्यात पहिल्यांदा माझं म्हणून एक काम कुणीतरी दिव्याखाली ठेवलं, तर त्यातही तुमचे दात. तुम्ही एकट्याच जळता असं समजू नका. मी तुमच्या डावीकडे बसून इतकी वर्षं जळले. फक्त मान खाली घालून कोरत होते, म्हणून कुणाला दिसलं नाही.

घरी आल्यावर मात्र लाज वाटली. त्यात परवा तुमचं पत्र आलं. ‘दातांची मांडणी उत्तम.’ ते वाचलं आणि ती ओळ मी बोट ठेवून परत वाचली. ताई, कपाटावरची ती कवळी जरा खाली काढा आणि उजवा दात बघा.

त्यांना अजून मी होकार कळवलेला नाही. पंधरा तारखेपर्यंत मुदत आहे. मी जाऊन सगळं सांगायला तयार आहे. कदाचित आपल्याला पुन्हा बसवतील, कदाचित दोघींनाही नको म्हणतील. मला ही जागा हवी आहे, नाही म्हटलं तर ते तिसरं खोटं होईल. पण तुम्ही सांगाल तसं करीन. रागाच्या भरात सांगितलंत तरी तसंच करीन.

टाचणी


१० मार्च

टाचणी,

तुझं पत्र वाचून मला पहिल्यांदा काय झालं सांगू? आनंद. असा आनंद मला जुनी लॅब बंद झाल्यापासून झाला नव्हता. माझे दात! त्यांच्या टेबलावर, त्यांच्या दिव्याखाली, आणि नंबर तुझा. चोर सापडला. मी चप्पल घातली, मेडिकलमध्ये येत नाही म्हणून कळवलं आणि निघाले लॅबकडे. कोपऱ्यावर जाऊन उभी राहिले. बस समोर आली तेव्हा लक्षात आलं की पुरावा घरीच राहिला. बस सोडली, परत आले, स्टूल घेतलं आणि कपाटावरची कवळी खाली काढली.

उजवा दात वळलेला होता.

मग मी त्या स्टुलावरच बसले. माझा हात झोपेत ओळखीन असं तुला लिहिलं होतं ना? जागेपणी, भर उजेडात, नाकावर चष्मा असताना मी तुझे दात माझे म्हणून गल्लीभर मिरवले. मेडिकलचे मालक त्यांच्या बायकोला मुद्दाम घेऊन आले होते बघायला. मी त्यांना दाताकडे बोट दाखवून सांगितलं की असा दात वळवायला जन्म जावा लागतो. हे मी उजव्या दाताकडे बोट दाखवून सांगितलं, टाचणी.

परीक्षेतही कळलं नाही. तुझा साचा हातात धरून, कोरून, नंबर लावून मी बाहेर पडले आणि मला पत्ता नाही. कळणार कसं? मान खाली होती, पण डोळ्यांपुढे तुझी चप्पल होती. तुझ्यावर इतकी जळत होते की तुझेच दात समोर असून दिसले नाहीत.

दिवसभर मी माझ्यावर कुठे अन्याय झाला ते शोधत होते. नीट शोधलं, आळस केला नाही. पण बघ, माझे दात त्यांना उत्तम वाटले आणि तुझेही उत्तमच वाटले, ते तर त्यांनी लिहूनच दिलं आहे. राहिल्या हिरड्या. तू स्वतःचाच साचा उचलला असतास तरी जागा तुलाच मिळाली असती, आणि मी माझा उचलला असता तरी माझ्या वाट्याला ही चिठ्ठीच आली असती. मग चोरी कुठे झाली? चोरी झाली असती तर किती सोपं होतं. चोराला शिव्या देता येतात. तुला देण्यासारखी एक शिवी मला सापडत नाही, आणि याच्याइतका वैताग मला आजवर कशाचा आला नव्हता.

मग त्या हिरड्या बघितल्या, मी कोरलेल्या. झालर म्हटलं होतं मी. माझी झालर उंदराने कुरतडल्यासारखी आहे. शिवणवाल्या बाई वर आल्या होत्या, त्यांना सांगितलं की यातल्या हिरड्याच तेवढ्या माझ्या. त्यांनी साचा डोळ्यांजवळ नेला, खाली ठेवला आणि म्हणाल्या, चहा टाकू का? आता त्या बाई मला तेवढ्या आवडत नाहीत.

लॅबवाल्यांना काही सांगायला जाऊ नकोस. सांगितलंस तर त्या चष्मेवाल्या बाई आपल्याला खुळ्या समजतील, आणि बरोबरच समजतील. होकार कळव. हे मी मोठ्या मनाने सांगते आहे असा गैरसमज नको. दातओठ खाऊन सांगते आहे. मला अजूनही तो कोट दिसतो आणि तो अजूनही तुझ्याच अंगावर असतो. पण जागा तुझी आहे. तू माझ्यापेक्षा चांगलं कोरतेस, आणि दात माझ्याइतकेच चांगले लावतेस. हे वाक्य मी तीनदा खोडून चौथ्यांदा लिहिलं आहे, तेव्हा पुन्हा मागू नकोस.

रविवारी माझ्याकडे येत जा. कोरणी आणि मेण घेऊन ये. मला हिरड्या शिकव. लॅबा काही एकच नाही, कधीतरी कुठेतरी जागा निघेल, आणि तेव्हा मला परत ‘कच्चं’ अशी चिठ्ठी नको. शिकवताना हसलीस तर उठवून लावीन. धाकट्याला आणलंस तर आण, पण तो माझ्या बाजूला बसेल.

आणखी एक गोष्ट. तिथे तुझ्या उजवीकडे कुणीतरी बसेल. बसणारच, तुझ्यासाठी खुर्ची काही रिकामी ठेवणार नाहीत. त्या माणसाचा हात चांगला असेल तर मला सांगू नकोस. वाईट असेल तर लगेच सांग. आणि काही झालं तरी फडकं मधोमध पसरायचं नाही. तुझ्या डाव्या हाताला पसर, खिडकीत वाळत घाल, काय हवं ते कर, पण मधे नाही. भाऊ दिला, जागा दिली, पण हे मी कुणाला देणार नाही. ही काही अट नाही, निव्वळ मत्सर आहे. तसंच समजून वाग.

तुझी
नणंदबाई


६ एप्रिल

ताई,

नमस्कार.

रुजू झाले. कोट पांढरा नाही, निळा आहे, तेवढं तुमच्या डोळ्यांपुढचं चित्र दुरुस्त करून घ्या. लांब आहे आणि बाह्या दुमडाव्या लागतात, हे ऐकून तुम्हाला बरं वाटेल म्हणून लिहिते.

गेल्या रविवारची तुमची हिरडी चांगली झाली होती. तिथे बोलले नाही, कारण कोरणी तुमच्या हातात होती. हे घरी येऊन म्हणाले की ताईला आता तुझ्यासारखं जमायला लागलंय. मी त्यांना ते परत एकदा म्हणायला लावलं. तुम्हाला राग येणार हे माहीत आहे, तरी लिहिलं. मलाही कधीतरी मिरवू द्या.

माझ्या उजवीकडे एक गृहस्थ बसतात. त्यांचा हात कसा आहे ते विचारू नका, तुम्हीच तसं ठरवून दिलं आहे. पहिल्याच दिवशी त्यांनी दात लावले आणि गरम साचा हातात धरून इकडेतिकडे बघायला लागले. माझं फडकं माझ्या डाव्या हाताला होतं. ते म्हणाले, “ते मधे पसरा ना. जागा आहे की.”

मी म्हणाले, “जागा आहे, पण ती धरलेली आहे.”

कुणी धरली आहे, असं त्यांनी विचारलं. या खेपेला मी नणंदबाई म्हटलं नाही. मी म्हणाले, “बाक ज्यांचा आहे, त्यांनी.”

टाचणी